साबणाच्या डबीतला कॅमेरा

मॅडमच्या शिकवणीच्या गाडीला मागून दर दोन दिवसांनी नवा ओरखडा पडायला लागला, तेव्हा घड्याळजींनी चोर पकडायचं मनावर घेतलं. मॅडम म्हणजे त्यांची बायको. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची आणि अख्खी गल्ली तिला मॅडमच म्हणायची.

"सरळ विकतचा कॅमेरा आणा ना," मॅडम म्हणाल्या.

"विकतचा? माझ्या हातांना काय गंज चढलाय?"

दोन दिवस दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळं ताटकळत राहिली. घड्याळजींनी काच तडकलेला जुना मोबाइल साबणाच्या डबीत बसवला, डबीला डोळ्यापुरतं भोक पाडलं आणि न्हाणीघरातल्या हुकाची रबरी वाटी काढून डबी गाडीच्या मागच्या काचेला चिकटवली. पहिल्या दिवशी मोबाइल उन्हाने तापून बंद पडला. डबीला आणखी भोकं पडली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ब्रेक दाबला आणि मागे आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्या विद्यार्थिनीच्या मानेवर डबी पडली. ती "पाल! पाल!" करत चालत्या गाडीचं दार उघडायला निघाली. त्या दिवशी घरी घड्याळजींना जे ऐकावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी डबी टिकली. संध्याकाळी नवरा, बायको आणि कॉलेजातली लेक, तिघं लॅपटॉपपुढे बसले. चोर लगेच सापडला. शेजारचे दातांचे डॉक्टर सकाळी आपली सायकल गाडीला टेकवत होते, आणि काढताना पेडल घासत होते. घड्याळजी तडक जाऊन पुरावा दाखवून आले. डॉक्टर इतके ओशाळले, की त्यांनी तिघांचे दात फुकट साफ करून द्यायचं कबूल केलं.

काम फत्ते झालं होतं. पण लॅपटॉपवर चित्रण पुढे चालूच राहिलं, आणि त्यात आवाजही होता. बँकेतून निवृत्त झालेले एक काका गाडी शिकत होते. चौकात त्यांची गाडी पाचव्यांदा बंद पडली.

"घाबरू नका हं, काका," लॅपटॉपमधून मधाळ आवाज आला. "होतं असं. मागचे वाजवू देत हॉर्न. सावकाश क्लच सोडा... हां... शाब्बास!"

लेकीने आईकडे पाहिलं. "आई, ही तूच?"

घड्याळजींचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. बारा वर्षांपूर्वी मॅडमनी त्यांना मोकळ्या मैदानात गाडी शिकवायला घेतली होती. दहाव्या मिनिटाला ते किल्ली तिच्या हातात देऊन घरी चालत आले होते.

"मला कधी शाब्बास म्हणालीस?"

"ते विद्यार्थी आहेत," मॅडम म्हणाल्या आणि उठून भांडी आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी दोन फोटो घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या रांगेत उभे राहिले. अर्जात 'पूर्वी वाहन चालवले आहे का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'होय, दहा मिनिटे' असं लिहिलं. मॅडमनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाल्या, "उद्या सकाळी सात. पुढचे, या."

सकाळी गाडी सुरू होताच बंद पडली. "होतं असं," मॅडम म्हणाल्या. पुन्हा बंद पडली. "हरकत नाही." हे मात्र दातओठ खाऊन. चौकात तिसऱ्यांदा बंद पडली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

"अहो, डावा पाय! डावा! वीस वर्षं संसार केला, अजून तुम्हाला तुमचा डावा पाय सापडत नाही!"

"मॅडम," घड्याळजी पडेल आवाजात म्हणाले, "मी विद्यार्थी आहे."

मॅडमनी रागाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसूच फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. मागच्या सीटवरचे काकाही हसले. त्या गडबडीत, आपल्याकडे कोणी बघत नाही असं पाहून, घड्याळजींनी अलगद क्लच सोडला. गाडी निघाली.

"शाब्बास!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. घड्याळजींचे कान लाल झाले.

परीक्षेत ते दुसऱ्या खेपेला पास झाले. गाडी मागे घेणं मात्र त्यांना आजही जमत नाही. त्यासाठी ते खाली उतरतात आणि रस्त्यात जो कोणी भला माणूस भेटेल, त्याच्या हातात किल्ली देतात.