फांदीवरचे मोजे

इस्रायलमधल्या त्स्फात गावाच्या उतारावर झोहराच्या अंगणात खरूबाचं, म्हणजे गोड शेंगांच्या जातीचं, एक झाड आहे. ऐसपैस, दाट सावलीचं, पण पन्नास वर्षांत त्याला एक शेंग धरली असेल तर शपथ. फुलं मात्र दर शरदात यायची, आणि त्यांचा असा वास सुटायचा की बायका नाकाला रुमाल लावून गल्ली ओलांडायच्या.

झोहराच्या नवऱ्यानं, निसीमनं, ते लग्नाच्या वर्षी लावलं होतं. झाडाला शेंग नाही, घरात पाळणा नाही. जसा मालक तसं झाड, असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? निसीम हसायचा आणि पाणी घालत राहायचा. तो गेला, आणि त्याची म्हणावी अशी एवढी एकच जिवंत वस्तू झोहराकडे उरली.

मग शेजारच्या अमरामनं घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. खरूबाच्या शेंगांचा पाक विकून त्याचं बरं चाललं होतं, पण माणसाला बरं पुरतं कुठे? वासानं गिऱ्हाईक पळायला लागलं. झाडाचा निम्मा बुंधा त्याच्या हद्दीत, म्हणून त्यानं ते तोडायचं ठरवलं. पण मजूर मिळेना. फळझाड तोडणाऱ्याच्या घरी मरण येतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. अमराम गावच्या धर्मगुरूंकडे, हाखाम मखलूफांकडे गेला. गूढविद्येत म्हाताऱ्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. ते म्हणाले, पन्नास वर्षांत फळ नाही ते फळझाड कसलं? खुशाल तोड.

झोहराला हे कळलं तेव्हा ती मासा साफ करत होती. तशीच हात धुऊन निघाली. जन्मभर तिनं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि दर गुरुवारी पडद्यामागे बसून याच हाखामांचा पाठ ऐकला होता. तिला घाबरायचं कारणच नव्हतं.

"हाखाम, तुम्ही तुमचाच पाठ विसरलात," ती म्हणाली. "जीवन दहा पायऱ्या उतरून खाली येतं, असं तुम्हीच सांगता. नववी पायरी मिळेल ते सगळं देऊन टाकते, स्वतःला काही ठेवत नाही. दहावीकडे स्वतःचं काही नसतं, पण फळ तिच्याच पदरात पडतं. निसीमचं झाड नर आहे. त्याचे पराग जातात म्हणून अमरामच्या झाडांना शेंगा धरतात."

"पोरी, दूध आणि मांस एका भांड्यात शिजवणं आपल्याला वर्ज्य आहे, तसं धर्म आणि शाळेचं शास्त्र एकत्र शिजवू नकोस," हाखाम म्हणाले.

"दोन्ही गाईचंच. मी फक्त गाय दाखवतेय."

म्हातारे खो खो हसले. पण हसले म्हणून पटलं असं नाही. त्यांनी एक वर्ष दिलं. पुढच्या शेंगा येईपर्यंत हे खरं करून दाखव, नाहीतर कुऱ्हाड.

झोहरानं आपले जुने लांब मोजे काढले. अमरामच्या झाडांची फुलं उमलायच्या आत पाच-सहा फांद्यांवर ते चढवले आणि बुडाशी दोऱ्यानं करकचून बांधले. अमराम म्हणाला, काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पण गल्लीतल्या बायकांना वेगळीच शंका आली. इथे झाडाला चिंधी बांधतात ती नवसाची. मूल नसलेली बाई, तीही इतकी शिकलेली, फांदीला मोजे घालते म्हणजे काहीतरी जबरदस्त विधी असणार! बघता बघता अमरामच्या झाडांवर निम्म्या गल्लीचे मोजे चढले. झोहराला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, पण मोजे राहू दिले. आपल्या प्रयोगासाठी माणसं न सांगता राबत असतील तर त्यांना कोण अडवणार?

उन्हाळा सरताना शेंगा पिकल्या. झाडं काळ्या-तपकिरी शेंगांनी लगडली होती, आणि मोज्यांत एकसुद्धा शेंग नव्हती. कुणाच्याच नाही. बायका हवालदिल झाल्या. देवानं नवस नाकारले म्हणत रडारड सुरू झाली. "देवानं नाही, तुम्हीच नाकारलंत," झोहरा म्हणाली. "तो दारात आला होता, तुम्ही मोजा घातलात."

हाखाम काठी टेकत उतारावर आले. एकेक मोजा स्वतः सोडून त्यांनी आत बोटानं चाचपून पाहिलं. मग ते निसीमच्या झाडाकडे वळले.

"चूक माझी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हे फळझाडच आहे. याची फळं दुसऱ्यांच्या अंगावर धरतात, एवढंच." अमरामनं मान खाली घातली. पाकाचे डबे आठवले असणार.

पुन्हा शरद आला, फुलं आली, वासही आला. झोहरा कुंपणाच्या भिंतीआड पुदिना खुडत होती. पलीकडे हैफाची एक पाहुणी अमरामवर तणतणत होती, की असलं घाणेरडं झाड कुणी अंगणात ठेवतं का.

"बाई, तो या टेकडीचा बाप आहे," अमराम म्हणाला. "राबणाऱ्या बापाला वास येणारच. जमत नसेल तर पैसे परत घ्या."

झोहराच्या हातातला पुदिना खाली पडला. निसीमच्या अंगणात 'बाप' हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. ती तिथेच ओल्या मातीत बसली आणि मनसोक्त रडली.