खो मिळाल्यावर

चहाचा तिसरा कप हातात घेऊन विश्वासराव स्कोअरबोर्डाच्या आड सरकले. मैदानापलीकडच्या पांढऱ्या तंबूतून त्यांची सून चेतना मान उंचावून कोणाला शोधत होती, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

राजधानीतल्या मराठी मंडळाच्या खो-खो स्पर्धेत यंदा फ्लूच्या मोफत लशीचं शिबिर ठेवलं होतं, तेही डॉक्टर चेतनाच्याच हट्टापायी. तिला आठवा महिना होता. घरात तिने फर्मानच काढलं होतं, ज्याला बाळ हातात घ्यायचंय त्याने आधी लस घ्यायची. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी घेतली, नवऱ्यानेही घेतली. विश्वासरावांना मात्र एकदा सर्दी झाली, एकदा बँकेत काम निघालं, एकदा तर गुडघाच धरला. पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली हलवलेला माणूस सुईला घाबरतो, हे सांगायचं कसं? आणि नातवंडाची वाट तर घरात सगळ्यांत जास्त तेच पाहत होते.

एकूण डोस साठ. दुपारपर्यंत जेमतेम अकरा संपले. द्वारकेच्या त्या मैदानावर झाडून सगळी मराठी घरं लोटली होती, पण जो तो सामने बघण्यात दंग. तंबूत नर्स राधा वहीवर रेघोट्या ओढत बसली होती.

तेवढ्यात गुरुग्रामच्या मुलींनी सेमीफायनल मारली आणि एकच कल्ला झाला. त्यांची तेरा वर्षांची कॅप्टन कृतिका त्याच जोशात, बाबांच्या सहीचा कागद नाचवत, तंबूत शिरली. टोचून घेतलं आणि दंडावर कापूस दाबत खुर्च्यांच्या रांगेत आली. तिचे बाबा, मानस, मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. तिने मागून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“खो!”

मानस दचकून उभेच राहिले.

“आता बसायचं नाही हां, बाबा! खो मिळाला की उठायलाच लागतं. चलो, तंबूत!”

रांग खदखदून हसली. मानस टोचून घेऊन आले आणि त्यांनी शांतारामकाकांना खो दिला, काकांनी वैजयंतीबाईंना. मग काय विचारता! मैदानात खो, खुर्च्यांमध्ये खो. फायनलची वेळ होत आली तरी तंबूबाहेरची रांग हटेना. राधाला मान वर करायला फुरसत नव्हती.

विश्वासरावांचे पाय शिवशिवायला लागले. ऐन उमेदीत सांगलीच्या मैदानावर पुरी नऊ मिनिटं नाबाद राहिलेला हा गडी. वैजयंतीबाई मागून आल्या तसे ते सफाईने बाजूला झाले. मानसना त्यांनी चहाच्या टेबलाला वळसा घालून चकवलं. कृतिका तर धापा टाकायला लागली.

“आजोबा, यार! तुम्ही हातातच येत नाही!”

ते मोठ्या दिमाखात हसले. हसता हसता त्यांची नजर तंबूकडे गेली. चेतना एका हाताने पोट सावरत उभी होती, आणि ती हसत नव्हती. आपण कोणाला हुलकावणी देतोय हे तेव्हा त्यांना कळलं, आणि फार वाईट वाटलं.

ते मुकाट्याने रांगेच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीत, कृतिकाकडे पाठ करून बसले.

“दे,” ते म्हणाले.

तिने अगदी हळू खो दिला.

तंबूत राधाने त्यांची बाही वर सारली. “अंकल, हाथ ढीला छोड़िए.” त्यांनी डोळे गच्च मिटले. क्षणभराने तीच म्हणाली, “हो गया.”

“भीती वाटते म्हणून सांगायचं ना, बाबा,” चेतना म्हणाली. “मी काय हसले असते?”

“लाज वाटत होती गं.”

राधाने खोक्यात डोकावून पाहिलं. “मॅडम, बस एक बची है. आपकी वाली. अब तो ले लीजिए, कब से टाल रही हैं.”

चेतना एकदम खुर्चीत बसून वहीत काहीतरी शोधायला लागली. “अगं, फायनल होऊ दे. मग बघू. हाताला जरा मुंग्यासुद्धा येतायत.”

विश्वासरावांना ही सगळी कारणं तोंडपाठ होती. ते तिच्या खुर्चीमागे गेले आणि तिच्या पाठीवर हलकेच हात टेकवला.

“खो.”

चेतनाने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं.

“बाबा, झालं की सांगा. मी नाही बघणार.”

बाहेर फायनलची शिट्टी झाली, सगळं मैदान ओरडायला लागलं. राधाने सुई वर धरली. विश्वासरावांनी एक मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडे ठेवले.