झाडूनानांचं प्रतिज्ञापत्र

समोर सगळे त्यांना नाना म्हणायचे. पाठ वळली की झाडूनाना. औषधांच्या त्या कंपनीत कुठला मेल, कुठला करार, कुठला अहवाल किती काळ ठेवायचा आणि कधी पुसून टाकायचा, हे ठरवणारं खातं नानांचं. खातं म्हणजे खिडकीलगतचं एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि स्वतः नाना. पण एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना माईक लागायचा नाही.

"अहो, साठवून साठवून बरोबर काय नेणार आहात?" ते विचारायचे. "कुणी कधीकाळी 'ओके, थँक्स' लिहिलं, तेही छातीशी धरून बसलाय! सोडा. मोकळे व्हा." ऐकणाऱ्याला वाटायचं, मेलबॉक्सच काय, जन्मच हलका होतोय. लोक हसायचे आणि हसता हसता डिलीट करायचे. वर नानांनी अशी सोय लावली होती की वर्ष उलटलेला मेल आपोआप पुसला जाईल. ती सोय पहिल्यांदा लावली स्वतःच्याच मेलबॉक्सला. लोकांना सांगायचं तर आधी आपलं अंगण झाडलेलं हवं, असा त्यांचा बाणा.

त्यांची सगळ्यात गुणी शिष्या म्हणजे गोदामताई. औषधांच्या थंड गोदामाचा कारभार तिच्याकडे. बाहेर ऊन रणरणत असलं तरी अंगात स्वेटर, तोंडाने फटकळ, कामाला चोख. कामाच्या प्रत्येक मेलची कॉपी ती नानांना ठेवायची आणि आपल्याकडचा पुसून टाकायची. "नानांकडे आहे ना? मग माझ्याकडे कशाला अडगळ?"

एकदा सुट्टीनंतर गोदाम उघडलं तर आतली थंडी केव्हाच निघून गेलेली. सगळा साठा फेकून द्यावा लागला. गोदामाची यंत्रं सांभाळणाऱ्या ठेकेदाराने हात वर केले. "तुमच्या बाईंनी दार नीट लावलं नसेल."

गोदामताई उसळली. "दाराचं रबर फाटलंय म्हणून मी लेखी कळवलं होतं. त्यांच्या इंजिनिअरचं उत्तरही आलं होतं, 'पुढच्या महिन्यात बदलतो, तोवर सांभाळून घ्या.' आता बघा, कोण कुणाला सांभाळून घेतंय!"

कंपनीने ठेकेदाराकडे नुकसानभरपाई मागितली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टकज्जा सुरू झाला की झाडू खाली ठेवावा लागतो. त्या प्रकरणाशी संबंध असलेला कागदाचा एक कपटासुद्धा पुसायचा नाही, असा कायदाच आहे. कंपनीच्या वकीलबाई बोलायच्या कमी आणि चष्म्यावरून बघायच्या जास्त. त्या म्हणाल्या, "नाना, ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांचं पुसणं आजपासून बंद. यादी तुम्हीच करा."

नानांनी यादी केली ती दृष्ट लागावी अशी. गोदामताई, खरेदीवाले, हिशेबवाले, मोठे साहेब, इतकंच काय, रात्रपाळीचा पहारेकरीसुद्धा. प्रत्येकाला नोटीस गेली, प्रत्येकाकडून पोच आली, प्रत्येकाच्या मेलबॉक्सचं आपोआप पुसणं थांबलं. "अशी यादी मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाहिली नाही," वकीलबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दिवशी जेवताना नानांनी बायकोला दोनदा ऐकवलं.

काही महिन्यांनी शोधाशोध झाली. यादीतला मेलबॉक्स न् मेलबॉक्स चाळला. रबराचा मेल नाही, उत्तर नाही. ठेकेदाराचे वकील गालातल्या गालात हसले. "यांच्याकडे नाही, म्हणजे तो नव्हताच. आमचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला. त्याचा जुना मेलबॉक्स उकरण्याचा खटाटोप आम्ही उगाच का करावा?" न्यायाधीशांनाही ते पटलं.

मग साहेबांनी फर्मावलं, "आपण सगळं जपलं, सगळं शोधलं, असा मेल नाही, असं प्रतिज्ञापत्र नानांच्या सहीने कोर्टात द्या. आणि ते दिलं की त्या गोदामातल्या बाईंना घरी बसवा. आपल्याशीच खोटं बोलतात म्हणजे काय!"

सहीसाठी कागद टेबलावर आला आणि त्याच्यामागोमाग गोदामताई.

"नाना, तुम्हाला कॉपी होती. तुमच्या मेलबॉक्समध्ये बघितलंत?"

"अगं, यादीतले सगळे बघितले."

"यादीत तुम्ही आहात?"

नाना हसले. "मी कसा असेन? यादी करणारा मी, मला कोण..."

त्यांनी मेलबॉक्स उघडला. आत कसं लख्ख होतं! नोटिसा सगळ्यांना गेल्या, पण नानांच्या मेलबॉक्सचं पुसणं कुणी थांबवलंच नव्हतं. गोदामताईच्या मेलला मध्यंतरी वर्ष झालं आणि तो निमूटपणे गेला. सर्व्हरवरच्या राखीव प्रतीही नानांच्याच नियमाने वेळच्या वेळी पुसल्या गेलेल्या.

"वा," गोदामताई म्हणाली. "हात लावाल तिथे स्वच्छता." मग खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "घरी सासूबाईंना तर पटलंच आहे. म्हणतात, तू घरचंही दार उघडं टाकून जातेस."

त्या संध्याकाळी नानांचा घास तोंडात फिरत राहिला. बायकोने सगळं काढून घेतलं.

"सही केलीत तर?"

"तर काही नाही. यादीतलं सगळं शोधलं, हे खरंच आहे."

"आणि खरं ते सगळं लिहिलंत तर?"

"तर नाचक्की. इतकी वर्षं लोकांना शिकवलं गं मी."

"म्हणजे तुमचं नाव राहावं म्हणून त्या पोरीने खोटं पडायचं. बरं. वाढू अजून?"

नानांनी ताटावर हात आडवा धरला. देवापुढे बसले तरी डोळे मिटवेनात. एवढी झाडलोट केली आणि केर निघाला तो नेमका आपल्याच दाराशी!

सकाळी त्यांनी वकीलबाईंना गाठलं. बाईंनी चक्क चष्मा काढून ठेवला. "नाना, हे सांगितलं तर पुरावा आपणच नष्ट केला म्हणतील. दंड होईल."

"होऊ दे. पण बाई, सगळं जपलं आणि तरी मेल नाही, असं मी लिहिलं की ती खोटी ठरते. माझ्याकडेच भोक होतं असं लिहिलं, तर मेल त्यातून गेला असेल, एवढी तरी तिला जागा राहते."

"साहेब तुम्हाला बघून घेतील."

"बघू देत. मी रोज समोरच तर बसतो."

कोर्टात न्यायाधीशांनी नवं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि वर पाहिलं. "यादी कुणी केली?"

"मीच."

"आणि तुमचंच नाव नाही?"

"नाही. सगळ्यांना मोजलं, मोजणारा राहिला."

ठेकेदाराचे वकील तर आनंदाने उभेच राहिले. "ऐका! खटल्यातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्या मेलबॉक्समध्ये होता आणि यांनी तो नष्ट केला!"

"होता?" न्यायाधीश म्हणाले. "कालपर्यंत तर तो कुठेच नव्हता."

वकील खाली बसले. पण तोंडातून निघालेलं परत कसं घेणार?

"आता तो असेल तर एकाच जागी असेल," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या इंजिनिअरचा मेलबॉक्स उघडा. खटाटोप होईल तो होऊ दे."

ठेकेदाराकडे झाडूनाना नव्हते. मोकळे व्हा म्हणून तिथे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिनिअरचा मेलबॉक्स जसा सोडला तसाच पडून होता. लग्नपत्रिका, जाहिराती, चुटके, आणि त्या ढिगाऱ्यात फाटलेल्या रबराचा मेल आपल्या उत्तरासकट अगदी खुशाल. नानांनी आयुष्यभर जिची निंदा केली, त्या अडगळीने गोदामताईची नोकरी वाचवली.

कंपनीची बाजू खरी ठरली, आणि तरीही मेल जपण्यातल्या निष्काळजीपणाबद्दल कंपनीला दंड झाला. साहेबांनी नानांना खोलीत बोलावून भरपूर सुनावलं. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. बाहेर गोदामताई थांबली होती.

"नाना, आजपासून मी एकही मेल पुसणार नाही, सांगून ठेवते."

"अगं, तसं नव्हे, वर्ष उलटलं की त्याचा उपयोग..."

"नाना!"

नाना बोलता बोलता थांबले. ऑफिसातल्या लोकांनी असं पहिल्यांदाच पाहिलं.

कोर्टाने हुकूम दिला होता की यापुढे यादीतलं पहिलं नाव यादी करणाऱ्याचं असावं. पुढचा दावा आला तेव्हा नानांनी ते इमानाने पाळलं. नोटीस पाठवणारे नाना, घेणारेही नाना. कामाच्या गडबडीत पोच द्यायची राहिली, तेव्हा नानांनी नानांना एक कडक स्मरणपत्र धाडलं आणि ते वाचून स्वतःच ओशाळले.