चालवणाऱ्याला विचारायचं नाही

सहलीला निघाल्यापासून ठकीने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यानेच तिच्या बाबाचा जीव टांगणीला लागला होता.

एरवी ही सात वर्षांची पोरगी माणसाला भंडावून सोडायची. तारेवर बसलेल्या पाखरांना झटका का बसत नाही, बोगद्यातला अंधार दिवसा कुठे जातो, एक ना दोन. आई पुढच्या सीटवरून मागे वळून उत्तरं द्यायची, काही खरी, काही बेधडक ठोकून दिलेली. बाबा गाडी चालवायचा. तो फरशी बसवणारा. बोलणं मुळातच मोजकं. आई गेल्यानंतरची ही पहिली सहल त्याने मुद्दाम काढली होती. चार नव्या गोष्टी दिसल्या की पोरगी बोलायला लागेल, अशी त्याला आशा होती. पण झुलता पूल झाला, पाणचक्की झाली, ठकी आपली डोळे मोठे करून बघत राहिली.

"आवडलं का गं?"

"हो."

संपलं. पोरगी आतल्या आत मिटत चालली की काय, असं त्याला वाटायला लागलं.

दुपारी ते दीपगृहावर पोचले. दाराशी तिथला राखणदार बसला होता. "भिंतीला धरून चढा," तो म्हणाला, "आणि वरच्या भिंगाला हात लावू नका. ठसे मलाच पुसावे लागतात."

जिना गोल होता. ठकी चार वर्षांच्या धाकट्या भावाचा, टिल्लूचा हात धरून पुढे गेली. बाबा सवयीने पायऱ्यांचे दगड बघत मागे राहिला. पोरं वळणाआड गेली आणि वरून कुजबुज ऐकू आली.

"टिल्लू, जिना गोल का केलाय?"

"सरळ केला असता तर समुद्रात गेला असता."

"आणि पायऱ्या मधेच का झिजल्यात?"

"चाटल्या."

"कुणी?"

"कुत्र्याने. मोठ्या."

बाबा जागच्या जागी थांबला. म्हणजे प्रश्न होते तर. फक्त त्याच्यापर्यंत येत नव्हते. हसावं की रडावं, त्याला कळेना.

वरच्या खोलीत माणसापेक्षा उंच भिंग होतं आणि सगळ्या काचांवर जाड पडदे ओढलेले होते. ठकी भावाच्या कानाला लागली.

"दिव्याला रात्रपाळी असते," टिल्लू मोठ्याने म्हणाला. "झोपलाय तो."

मागून आलेला राखणदार हसला. "मला विचार की."

ठकीने बाबाकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"अगं, या चिमुरड्याला विचारतेस," बाबा म्हणाला, "मी काय मेलो का?"

शब्द तोंडातून निसटले आणि त्याने जीभ चावली. ठकीने मात्र शांतपणे उत्तर दिलं. "तू गाडी चालवतोस. चालवणाऱ्याला विचारायचं नाही. आईने सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. एकदा चंद्र गाडीबरोबर का पळतो हे समजावताना त्याने फाटा चुकवला होता, आणि बायकोने त्याच्यादेखत हा नियम काढला होता.

"पण आत्ता मी कुठे चालवतोय?"

"नंतर चालवशील ना. आई म्हणायची, तुझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली की दिवसभर निघत नाही. मग तू चुकशील. आता कुठे वळायचं ते सांगणार कोण?"

 बाबा खाली फरशीवर मांडी घालून बसला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"ही ठेव तुझ्याकडे. तुझं विचारून होईपर्यंत गाडी हलत नाही. आणि चुकलो तर चुकलो, रस्त्यावर माणसं असतात, विचारू."

ठकीने किल्ली उलटसुलट करून बघितली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली.

"पडदे का लावलेत?"

"मला नाही माहीत. यांना विचारू."

दिवसा ऊन भिंगातून एका ठिकाणी गोळा झालं तर आग लागते, असं राखणदाराने सांगितलं. पायऱ्यांचं बाबाला माहीत होतं. सगळ्यांचे पाय एकाच जागी पडतात, दगड तेवढाच झिजतो. टिल्लूला कुत्राच पसंत होता.

मग ठकीने विचारलं, "आईला शेवटी दुखत होतं?"

राखणदार फडकं घेऊन पलीकडे गेला.

"दुखत होतं," बाबा म्हणाला. "मग डॉक्टरांनी औषध दिलं, ती झोपली. झोपेत नाही दुखलं."

"तुला कसं माहीत?"

"तिचा हात माझ्या हातात होता. कळ आली की ती माझं बोट दाबायची. नंतर नाही दाबलं."

ठकी यावर विचार करत बसली.

"कुठलं बोट?" टिल्लूने विचारलं.

बाबाने दाखवलं. टिल्लूने ते दोन्ही मुठींत धरून जोर लावून दाबलं, वाकून नीट बघितलं. "याच्यात हाड आहे?"

"ए, सरक," ठकीने त्याला कोपराने बाजूला केलं. "माझे प्रश्न अजून राहिलेत."