अंगावरचं दूध

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," असं गोड आवाजात सांगून मी जलद गाडी फलाटावर लावली, शाल गळ्यापर्यंत ओढली आणि पंप पुन्हा छातीला लावला.

बसस्थानकातली माझी खोली म्हणजे काचेचं खोकं. आतून जुनी वेळापत्रकं चिकटवून मी आडोसा केला होता. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दूध काढायचं, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि परत माईकसमोर बसायचं. सगळ्या जगाला गावोगावी धाडणारी मी स्वतः मात्र खुर्चीला बांधलेली.

पंप चालू असतानाच मी घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, मी येईपर्यंत त्याला बाटली देऊ नका हं. संध्याकाळचं तरी अंगावर पिऊ दे. छाती फुटायला आलीय माझी."

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. स्थानकप्रमुख दारात उभे होते आणि छताकडे बघत होते.

"ताई, बटण. माईकचं."

मी बघितलं. बंद करायचं राहून गेलं होतं.

"सगळं ऐकू गेलं?"

"आवाज स्पष्ट होता," ते सवयीनं म्हणाले आणि कानकोंडे झाले. "पंपाचाही. लोक विचारत होते, ही कुठली गाडी. तुम्ही आज घरी जा, मी बघतो इकडचं."

मी खाली मान घालून निघाले. तिकिटाच्या रांगेतल्या लोकांनी मला वाट करून दिली. एक बाई म्हणाली, "जा बाई लवकर, लेकरू वाट बघत असेल." वाट बघत असेल! तेच तर होत नव्हतं. रोज मी दुखरी छाती घेऊन धावत घरी जायचे आणि सासूबाईंनी त्याला नुकतंच पाजलेलं असायचं. मी जवळ घेतलं की तो तोंड फिरवायचा. मग मी परत पंप घेऊन बसायचे. ते दूध फ्रिजमध्ये जायचं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई तेच त्याला द्यायच्या. जितकं काढावं तितकं जास्त येत होतं, आणि जितकं येत होतं तितकं काढावंच लागत होतं. सासूबाई शेजारणींना फ्रिज उघडून दाखवायच्या. "आमच्याकडे काही कमी नाही हो."

मला चीड यायची, पण बोलायची सोय नव्हती. त्या बाळाला सांभाळत होत्या म्हणून माझी नोकरी होती. मी रोज भ्यायचे, की एक दिवस हा माझ्याकडून प्यायचं कायमचं विसरेल.

त्या दिवशी मी किल्लीनं दार हळूच उघडलं. झोपला असेल तर उठायला नको.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्या अंगात माझा गाऊन होता, मी रात्री घातलेला आणि सकाळी धुवायच्या बादलीत टाकलेला. बाटली त्यांनी काखेत अशी धरली होती की निपल बरोबर छातीशी यावं. बाळानं गाऊनची गळपट्टी मुठीत पकडली होती आणि पापणी न हलवता तो त्यांच्याकडे बघत पीत होता. माझ्याकडे असं त्यानं शेवटचं कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

"आई."

त्या दचकल्या. बाटली निसटली, बाळ रडायला लागलं. "अगं, इतक्या लवकर कशी?"

"हे काय आहे?"

"तो बाटली तोंडात घेईनाच गं. तू कामावर जायला लागलीस तेव्हापासून. तुझा वास असला की घेतो."

"म्हणजे रोज?"

"रोज. मग धुऊन टाकते."

"आणि मी आत्ता फोन केला होता ना, देऊ नका म्हणून?"

"रडायला लागला. माझ्यानं बघवत नाही." त्या खालीच बघत होत्या. "मला कधी आलंच नाही दूध. तुझा नवरा पावडरवर वाढला. काय काय ऐकून घेतलंय मी तेव्हा! हा असा माझ्याकडे बघत पितो ना, तेव्हा वाटतं..."

मी बाळाला उचललं आणि तिथंच शर्टाची बटणं काढली. त्यानं पाठ ताठ केली, मान फिरवली, किंचाळायला लागला. माझ्या अंगाला डिझेलचा आणि दिवसभराच्या घामाचा वास येत होता.

"अरे, मी आहे तुझी आई!" एवढ्याशा जिवावर मी ओरडले. मला माझीच लाज वाटली.

सासूबाई आत गेल्या. स्वतःचे कपडे घालून परत आल्या आणि गाऊन माझ्यापुढे धरला.

"हा घाल."

गाऊन अजून गरम होता. त्याला आता त्यांच्या बामचा वास होता, त्यांच्या पावडरचा होता. माझा कुठेच सापडेना. बाळानं त्यात नाक घासलं, हुंदके थांबले आणि त्यानं तोंड उघडलं. घटाघट प्यायला लागला. पीत असताना त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून पुढे सरकली आणि त्यांना शोधायला लागली.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या गुपचूप माझ्या पाठीमागे गेल्या, त्याला दिसणार नाहीत अशा.

पान्हा फुटला तसं दुसऱ्या बाजूनंही दूध गळायला लागलं.

"वाया जातंय गं," मागून आवाज आला. त्यांनी माझ्या पिशवीतला पंप काढला, पाठीमागूनच हात पुढे घालून दुसऱ्या बाजूला लावला आणि धरून बसल्या. एकीकडे बाळ ओढत होतं, एकीकडे यंत्र. बाटलीत उद्याचं दूध जमायला लागलं. माझे डोळे वाहत होते आणि हात मोकळा नव्हता.

"हलू नकोस हं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "सोडून देईल तो."

मी हलले नाही.