बशीतली हळद आणि आईची बोटं

मी एक जुनं, खरखरणारं सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. नाव अवघड, पण काम सोपं. रक्ताची नळी गरगरा फिरवायची, म्हणजे लाल गाळ खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं. मला या प्रयोगशाळेत आणलं, तेव्हा जो तो कौतुकाने झाकण उघडून बघायचा. आता नवं यंत्र आलंय आणि माझी रवानगी बेसिनशेजारी झाली आहे. फार आवाज करतं म्हणे! तुम्ही वीस वर्षं फिरा आणि मग बोला.

माझ्याकडे अजून येते ती एकच, हळदीवर संशोधन करणारी ताई. हळदीतला पिवळा घटक तिने काचेच्या बशीत सूज आणणाऱ्या पेशींवर टाकला आणि त्या शांत झाल्या. ताईला आभाळ ठेंगणं झालं. तिने तिथूनच आईला फोन लावला. "आई, हळदीनं सूज उतरते गं! डोळ्यांनी पाहिलं मी."

आई शिवणकाम करणारी, सांध्यांच्या आजाराने बेजार. लेकीचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ. तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि दोन्ही वेळा चमचाभर हळद सुरू केली. लेकीला सांगितलंही नाही. एकदम बरी होऊनच दाखवणार होती.

पाच महिन्यांनी ती इथे आली, तेव्हा बोटं वाकडी झाली होती. गोळ्या सोडून हळद घेत असल्याचं तिने तेव्हा कुठे सांगितलं. ताईने घाबरून तिचं रक्त घेतलं, मी ते फिरवलं, शेजारच्या यंत्राने मोजलं. हळदीचा घटक जवळजवळ नव्हताच. तो पाण्यात विरघळत नाही, पोटातून थोडासाच पुढे सरकतो, आणि जो सरकतो त्याची यकृत लगेच वाट लावतं. ताईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर ती त्याला चरबीच्या इवल्या थेंबांत गुंडाळून रक्तापर्यंत पोचवायला धडपडत होती. फोनवर नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं.

"अगं, पण तूच म्हणालीस ना?" आई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरली, बोटं मात्र सरळ झाली नाहीत. आता तिला सुई ओवता येत नाही.

मित्रांनो, हळदीला नावं ठेवू नका, तिच्यात गुण आहे. पण बशीत घडलं ते अंगात घडेलच असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, आणि कुणाला आशा दाखवाल तर अर्धवट दाखवू नका.

परवा आई तपासणीला आली होती. "तुझं ते थेंबांचं औषध कधी येणार गं?"

"माहीत नाही, आई. कदाचित येणारही नाही."

आईने वाकड्या बोटांनी तिचा हात धरला. "एवढंच तेव्हा सांगायचं होतंस, बाळा."