कुंदनच्या नावाची सव्वा मूठ

श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे तर आधी गहू मोजावे लागतात. घरात जेवढे पुरुष, मग तो म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, तेवढ्या सव्वा मुठी. रावेरजवळच्या एका गावात बन्सीलाल पाटलांच्या घरी गेली तीन वर्षं त्यात एक मूठ कमी असायची. चुकून नाही हं, म्हाताऱ्यानं स्वतः कमी केली होती. थोरला मुलगा कुंदन जळगावात ख्रिस्ती झाला असं कानावर आलं, त्या श्रावणात त्यानं बायकोला सांगून टाकलं, "त्याच्या नावाचं मोजू नको. तो आता आपल्यात नही." बेबाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मोजलं नाही.

आता गंमत बघा. हाच कुंदन केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता तेव्हा सकाळ-संध्याकाळ प्यायचा. रोटाच्या पंगतीलाही झिंगून बसायचा. एका वर्षी तर कानबाईच्या चौरंगालाच धडकला, समई आडवी झाली. तरी त्याच्या नावाची मूठ कोणी वगळली नव्हती. दारू सुटली आणि मूठ गेली. माणसांचं हे असं असतं, काय बोलणार.

दारू सुटली ती बायको गेल्यावर. ज्योत्स्ना मुलीला, ऋतिकाला, घेऊन धुळ्याला माहेरी निघून गेली. मालकानं ट्रकच्या किल्ल्या काढून घेतल्या. एका सकाळी कुंदन जळगावात मेहरूण तलावाच्या कडेला चिखलात पडलेला वनाला सापडला. वना साक्रीकडचा, केळी पिकवायच्या वखारीत हमाल. पाठीनं वाकलेला, बोलायला तुटक. त्यानं कुंदनला आपल्या खोलीवर नेलं, आंघोळ घातली, वखारीत कामाला लावलं. रविवारी त्याच खोलीत आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमायची.

वनानं त्याला दारू सोड असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाला, "येशूना शिष्य व्हवानं तर पहिलं खोटं सोड. दारू खोट्यावर जगस." संध्याकाळी कामावरून आलं की भाकरी ताटात पडण्याआधी एक नेम होता. दिवसभरात काय खोटं बोललास ते सांगायचं, मग भाकर. पहिल्या दिवशी कुंदन बोलता बोलता रडला आणि मनातल्या मनात येशूला हाक मारू लागला. अरे, केवढं होतं ते! मालकाशी खोटं, आईशी खोटं, पोरीशी खोटं. ऋतिकाच्या प्रत्येक वाढदिवसाला तो गुत्त्यावरून फोन करायचा आणि म्हणायचा, बेटा, ट्रक पंक्चर झाला. पोरगी केक कापायची थांबून राहायची.

महिने गेले तशी यादी आटत गेली. एकदा कुंदन ऐटीत म्हणाला, "आज एकही नाही." वनानं भाकरीवरचा हात तसाच ठेवला आणि म्हणाला, "हाई बी खोटंच शे का, देख एकदाव." दोघंही हसले. केव्हा तरी अशाच एका संध्याकाळी कुंदनच्या लक्षात आलं, आपल्याला दारूची आठवणच झाली नाही. त्या रविवारी त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली.

पण म्हणून काही ज्योत्स्ना आली नाही. तो धुळ्याला दोनदा गेला, दारातूनच परत आला. एक नशा सोडली, दुसरी धरली, एवढंच ती म्हणाली. वनाचीही बायको अशीच गेली होती, ती परत न येताच वारली. हे वनानं त्याला सांगितलं होतं आणि वर कसलाही दिलासा दिला नव्हता.

अशात यंदा श्रावणात नानांचा, म्हणजे बन्सीलालचा, फोन आला. "रोटाले ये. ज्योत्स्ना येऊ राहिली पोरीले घेऊन. तू चार भाऊबंदात बसून रोट खाल्ला का ती नांदाले राहीन म्हनते."

कुंदननं फोन ठेवला. तो वनाकडे गेला. आता ख्रिस्ती झाल्यावर कानबाईचा रोट खाऊ की नको? वना बराच वेळ घंगाळात हात धुवत राहिला. "धान्य बठ्ठं देवनंच शे," तो म्हणाला. "मायना हातनं शे, खाय. पन ती राहीन का, हाई माले इचारू नको." एवढ्यानं कुंदनचं समाधान झालं. तीन वर्षांत त्याला पहिल्यांदा वाटलं की आपलं घर आपल्याला मिळेल. नवा शर्ट घातला, ऋतिकासाठी रंगपेटी घेतली आणि रावेरची एसटी धरली.

घरी पोचला तेव्हा बेबाबाई सूप घेऊन गहू मोजायला बसली होती. एकेक नाव घेऊन मूठ टाकत होती. शेवटी तिनं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "ही कुंदनची." आणि मुठीवर आणखी चार दाणे टाकले. कुंदनला तिथंच रडू आलं. तो आईच्या पायाशी बसला.

ऋतिका केवढी उंच झाली होती! ती रंगपेटी घेऊन जवळ आली, त्याच्या तोंडाशी नाक नेऊन तिनं हुंगलं आणि आत जाऊन आईला सांगितलं, "वास नाही येत." आतून ज्योत्स्ना बाहेर आली. त्याला पाण्याचा तांब्या दिला. "बारीक झालात," म्हणाली. इतकंच, पण कुंदनला ते दुपारभर पुरलं.

दिवेलागणीला चौरंग मांडला. साडी नेसवलेली, नथ घातलेली कानबाई बसली, बायकांनी गाणी म्हटली, पंगत बसली. ताटात रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. कुंदन चुलत्यांच्या मध्ये बसला होता. तो घासाला हात घालणार तोच बेबाबाई नारळ घेऊन समोर उभी राहिली.

"थांब बापा. आधी नवस फेड."

कुंदनला कळेना. मग तिनं सांगितलं. तो प्यायचा तेव्हा ती कानबाईला नवस बोलली होती, माझ्या लेकाची दारू सुटली तर तो स्वतः नारळ घेऊन सगळ्यांसमोर म्हणेल, बाई, तू सोडवलं. बन्सीलाल म्हणाला, "म्हन. मंग जेव. बठ्ठं मिटलं." ज्योत्स्ना दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिचे डोळे त्याला सांगत होते, म्हणा ना.

हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो घासाची तयारी करून आला होता आणि परीक्षा भलत्याच विषयाची निघाली. काय लागतं हो चार शब्द म्हणायला? जीभ हलवायची, नारळ ठेवायचा, बायको-पोर घरात. दुसरा कोणी असता तर म्हणून मोकळा झाला असता, आणि कोणी त्याला नावंही ठेवली नसती. कुंदननं नारळ हातात घेतलासुद्धा. त्यानं तोंड उघडलं. वनाच्या खोलीतली ती पहिली संध्याकाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. रडत रडत आपण कोणाला हाक मारली होती ते त्याला पक्कं माहीत होतं.

"माय," तो म्हणाला, "तू मला टाकलं नाहीस. तुझ्या नवसाला मी जन्मभर हात जोडीन. पण मला सोडवलं ते येशूनं. दुसरं म्हटलं तर ते खोटं होईल."

बेबाबाईनं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, ओरडली नाही, रागावली नाही. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. बन्सीलालनं वाकून कुंदनपुढचं ताट उचललं. "उठ," म्हणाला.

ज्योत्स्ना त्याच्यामागे ओट्यापर्यंत आली. "मला कुठला देव याचं काही नाही," ती म्हणाली. "मला घर पाहिजे होतं." ती आत वळली.

तो फाटकाशी चपला घालत असताना ऋतिका आली. रंगपेटी तिनं परत आणली होती. त्याच्या हातात देऊन म्हणाली, "पप्पा, माझ्या वाढदिवसाला पंक्चर झालं म्हणायचात ना? तसंच म्हणायचं होतं."

स्टँडवर दारूचं दुकान उघडं होतं. आतली माणसं त्याला ओळखत होती, एकानं हाकही मारली. कुंदन गेला नाही. त्याला फार काही जिंकल्यासारखं वाटलं असं समजू नका. तो बाकावर बसून प्रार्थना करायला लागला आणि दोन शब्दांच्या पुढे त्याला काही सुचेना. प्रभू, ऋतिका. प्रभू, ऋतिका. एसटी लागली तेव्हा तो उठला.

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झाल्यावर वखारीत बेबाबाईचा फोन आला. ज्योत्स्ना सकाळीच धुळ्याला गेली होती, पुन्हा बोलावू नका म्हणून सांगून. त्याच्या वाटणीचा रोट बाहेरच्याला चालत नाही, म्हणून गाईला घातला होता. मग तिनं विचारलं, "रात्री काही जेवला होता का रे?"

संध्याकाळी वनानं नेहमीसारखा भाकरीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"एक," कुंदन म्हणाला. "मायनं विचारलं जेवलास का. पोटभर जेवलो म्हणालो."

वनानं हात काढला आणि भाकरी त्याच्यापुढे सरकवली. कुंदन ती हातात धरून बसून राहिला.